कच्च्या कामाची चिंधी

छत्रपती संभाजीनगर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघपाल,

सप्रेम जय भीम. आम्ही सर्व इकडं ठीक आहोत, तुम्हीही सर्व ठीक असाल अशी आशा करतो.

एवढं लिहून झालं आणि हात थांबला. मग एक चहा झाला, एका स्कूटरचं ऑइल बदलून झालं, आणि आता पुन्हा बसलो आहे. वीस वर्षांत मी जॉबकार्डाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझा पत्ता मोनिकानं दिला. मागच्या आठवड्यात एक मुलगी स्कूटरचा ब्रेक दाखवायला आली. मी ब्रेक बघतोय आणि ती माझ्याकडं बघतेय. शेवटी म्हणाली, "तुम्ही मोतीरामकाका ना? पप्पांच्या जुन्या फोटोत आहात तुम्ही. तेव्हा केस होते तुम्हाला." उंची तुझी आणि जीभ वहिनींची. इथं बँकेत लागली म्हणाली, टीव्ही सेंटरच्या भागात राहते. मी विचारलं, पप्पा कसे आहेत? तर म्हणे, "परभणीत ट्रॅक्टरची कामं करतात. लई बोलत नाहीत. घरात कुठं तात्पुरतं काही दुरुस्त केलं की लाल चिंधी बांधतात. आमच्या मोरीच्या नळाला चार वर्षं झाली चिंधी बांधलेली. आई म्हणते, नळ बदलत न्हाई तर निदान चिंधी तरी धुवा."

"पण काका, चिंधीच का?" तिनं विचारलं. म्हणजे तू तिला सांगितलेलं नाहीस. मग मी सांगितलं. शहागंजात आम्ही दोघं हमीद उस्तादांच्या हाताखाली शिकलो. कच्चं काम, म्हणजे वेळ मारून नेण्यापुरतं केलेलं काम, उस्तादांना वर्ज्य नव्हतं. पण केलंस तर त्या जागी लाल चिंधी बांधायची, पुढच्या माणसाला कळायला पाहिजे की इथं पक्कं काम बाकी आहे. "कच्चा काम कर्‍या तो चिंदी बांध रे बाबा, कल किसी और का हाथ जलेंगा." त्यांच्या आवाजात बोलून दाखवलं तशी ती हसली. मीही हसलो. मग पुन्हा ब्रेकचा नट आवळायला वळलो.

फोन नंबरही दिला आहे तिनं. पण फोनवर तू "हॅलो" म्हणशील, मी म्हणेन "कसा आहेस", तू म्हणशील "बराय", आणि मग दोघंही पंख्याचा आवाज ऐकत बसू. त्यापेक्षा हे बरं.

इकडची हालहवाल अशी. गॅरेज तिथंच, औरंगपुऱ्याच्या त्याच गल्लीत. गावाचं नाव बदललं, गल्लीतली गटार तीच. घरात आशाबाईला साखर निघाली आहे आणि ती माझ्या चहात कमी करून तिचा वचपा काढते. माझे गुडघे गेले. गाडीखाली जायला दोन मिनिटं लागतात, बाहेर यायला पाच. नव्या गाड्यांना तर हातच लावू देत नाहीत. मशीन जोडायचं, मशीन सांगणार काय बिघडलं ते. इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाशी धरणारा तुझ्यासारखा माणूस आता लोकांना वेडा वाटेल. पाटी नवी केली आहे. नवी करताना तुझं नाव राहून गेलं.

आता कामाचं बोलतो. अनंतराव वकिलांची लाल गाडी परत आली आहे.

त्यांच्या मामांनी अमेरिकेहून आणलेली ती, दोन सीटची, डाव्या स्टिअरिंगची. एवढी वर्षं त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. अंबिकाबाई दिवाळीत वारल्या, साहेब एकटेच उरले. वकीलसाहेब आता एक्क्याऐंशीचे. म्हणाले, "मोतीराम, विकायची नाही, शर्यत लावायची नाही. एकदा फक्त भद्रा मारुतीला जाऊन येण्याइतकी चालती करा." टाकी साफ केली, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, कारबुरेटर खोलून धुतला, ब्रेक नव्यानं बांधले, चेपलेला पत्रा ठोकून काढला, फाटका सायलेन्सर नवा बसवला. तिसऱ्या दिवशी इंजिन लागलं. काय आवाज रे तो! गल्लीतले लोक बाहेर आले.

पण गाडी फटाके मारते. वेग घेतला की ठीक. उभी असली की एकदम गरीब गाय. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मात्र सायलेन्सरमध्ये ठाप्‌दिशी. परवा पैठण रोडला नेली तर एका म्हाताऱ्यानं सायकल टाकून दिली आणि मला आईवरून शिवी दिली.

प्लग बदलले, टायमिंग बघितलं, पॉइंट घासले. सायलेन्सरचे जोड ओल्या फडक्यानं दाबून बघितले, कुठं गळत नाही. ही गाडी आपण दोघांनीच काय ती खोललेली. तुला काही सुचतं का? तुझा कान असता तर बरं झालं असतं.

वहिनींना नमस्कार. मोनिका चांगली मुलगी आहे. ब्रेकचं काम पक्कं केलं आहे, सांग तिला.

कळावे, लोभ असावा,
तुझा
मोतीराम


छत्रपती संभाजीनगर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय संघपाल,

सप्रेम जय भीम. पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर आलं नाही, यायलाच पाहिजे असंही नाही. आमचं बरं चाललं आहे.

फटाके चालूच आहेत. मी तीन आठवडे नुसता त्या गाडीभोवती फिरतो आहे. दुसऱ्यांदा टायमिंग बघितलं. कारबुरेटर पुन्हा उघडला, सुया बदलल्या. मग त्या हवेच्या पंपाच्या मागं लागलो. आठवतो? पट्ट्यावर फिरणारा, अमेरिकेतल्या धुराच्या कायद्यापायी बसवलेला. तो सायलेन्सरच्या तोंडाशी ताजी हवा सोडतो, न जळालेलं पेट्रोल तिथंच जळून जावं म्हणून. आपण पहिल्यांदा बघितला तेव्हा तू म्हणाला होतास, "हे तर धुराला जेवण वाढायचं काम झालं." पंप काढून धुतला, मागं वारा येऊ न देणारी झडप तोंडानं फुंकून बघितली. सगळं ठीक. गाडी पुन्हा रस्त्यावर नेली, पाय उचलला, ठाप्‌!

आरसीसाठी पीयूसी लागतं म्हणून नेली. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये त्याची नळी घातली, आकडे बघितले आणि म्हणाला, "चाचा, एकदम क्लीन हय. नयी गाडी का भी इतना नहीं आता." मी म्हणालो, छाप बाबा. उभ्या गाडीची तपासणी ती. उभ्यानं कुणीही स्वच्छच असतो.

वकीलसाहेब रोज संध्याकाळी येतात. रिक्षानं येतात, स्टुलावर बसतात, गाडीकडं बघत राहतात. अंबिकाबाईंचं बोलतात. त्या स्कार्फ बांधून बसायच्या आणि औरंगपुऱ्यातून जाताना ओळखीच्या बायका दिसल्या की मुद्दाम हात हलवायच्या. मग तो शनिवार निघतो. माझ्यासमोर दर दोन दिवसांनी निघतो, म्हणून तुलाही सांगतो. भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन खुलताबादहून खाली येत होते. दौलताबादच्या घाटात साहेबांनी पाय उचलला, सीटखाली बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला, सायलेन्सर फाटला, त्यांचा हात दचकला आणि गाडी कठड्यावर गेली. त्यांना खरचटलं. अंबिकाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या पुढं वीस वर्षं काठीवर चालल्या. पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत.

परवा साहेब म्हणाले, "तुमचा तो संघपाल काय करतो हो आता? करत असेल कुठं तरी कुणाच्या जिवाशी खेळ."

मी चहा ओतत होतो. ओतत राहिलो. कप भरला, बशी भरली.

आशाबाईनं रात्री जेवताना विचारलं, "त्या गाडीपायी तुमचं वजन उतरायलंय. काय सापडंना झालंय येवढं?" मी म्हणालो, सापडेल. ती म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, आसं तर न्हाई ना?" ही बाई कधी कधी फार नेमकं बोलते. मी भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि कढी वाढ म्हणालो.

गाडीतल्या रबराच्या सगळ्या नळ्या बदलल्या आहेत. एक सोडून.

इथंच थांबतो. डोळे दुखतात अलीकडं.

कळावे,
मोतीराम


छत्रपती संभाजीनगर,
९ मार्च २०२५

प्रिय संघपाल,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, सुटं सुटं, पान्यांच्या पेटीसारखं. ना तारीख, ना नमस्कार, ना सही. एक ओळ: "बारीक नळी पाहिलीस का?"

मी ते कार्ड खिशात घालून दोन दिवस फिरलो. म्हणजे तुला ठाऊक होतं. मोनिकाला भेटून आणि दोन पत्रं लिहून जे सांगायची माझी छाती होत नव्हती, ते तुला वीस वर्षं ठाऊक होतं. आणि मी तुलाच विचारत होतो, काही सुचतं का म्हणून!

आता क्रमानं सांगतो. तुला सगळं माहीत असलं तरी मला ते सांगितलंच पाहिजे.

घाटातल्या त्या शनिवारच्या आठवड्यात गाडी आली ती उभ्याउभ्या रेस वर-खाली होते म्हणून. तू कान लावलास आणि दहा मिनिटांत म्हणालास, गटागटचा पडदा फाटलाय. पाय उचलला की इंजिनाला हवेचा घोट पाजणाऱ्या त्या डबीला 'गटागट' हे नाव तूच दिलंस. पाय उचलल्यावर इंजिनात पेट्रोल जास्त होतं, तो घोट मिळाला की ते जळून जातं. तो मिळाला नाही तर कच्चं पेट्रोल मागं सायलेन्सरमध्ये जातं, तिथं पंपाची हवा भेटते, आणि फटाका. हे तू मला कोळशानं फरशीवर काढून दाखवलंस. आणि म्हणालास, "पडदा मुंबईहून मागिवतो. तो येईस्तवर गाडी सोडू नको, मोत्या. लई तर पुढच्या शनिवारपर्यंत."

पडदा यायचाच होता, त्या शनिवारी सकाळी तू गॅसकेट आणायला शहागंजात गेलास आणि साहेबांचा निरोप आला. अंबिकाबाईंना आजच मारुतीला जायचंय, गाडी पाठवा. मी नाही म्हणू शकलो असतो. साहेबांना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं, एवढंच. मी गटागटकडं जाणारी बारीक नळी काढली, तिच्यात सायकलच्या बेअरिंगचा छर्रा घातला, नळी परत बसवली. फाटक्या पडद्यातून येणारी हवा बंद झाली, रेस जागेवर आली. इंजिन असं शांत चालायला लागलं की माझं मलाच कौतुक वाटलं. पण गटागटही त्यासोबत मेला. ते मला ठाऊक होतं. वाटलं, दहा-बारा कोसांचा तर प्रवास. संध्याकाळी परत आली की काढू.

आणि चिंधी बांधली नाही. डब्यात चिंध्या होत्या, हाताशी होत्या. बांधली असती तर तू आल्यावर पहिली तीच दिसली असती, आणि तू म्हणाला असतास, सोडू नको म्हणलो होतो ना. ते ऐकायला नको म्हणून बांधली नाही. ह्यापेक्षा मोठं कारण मी वीस वर्षं शोधतोय, सापडत नाही.

तू परत आलास. गाडी नव्हती. विचारलंस, "पडदा?" मी म्हणालो, झालं काम. "कसं झालं?" मी म्हणालो, झालं म्हटलं ना. तेव्हाच तुला कळलं असणार. तू किल्ली मागितलीस, स्कूटर काढलीस, त्यांच्या मागं निघालास. मिटमिट्याच्या की कुठल्या तरी नाक्यावर तुला त्यांना आणणारी जीप भेटली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात साहेबांच्या सदऱ्याला रक्त होतं. त्यांनी विचारलं, "गाडीचं काम कुणी केलं?" मी म्हणालो, "कारबुरेटर संघपालनं खोलला होता."

एक शब्द खोटा नव्हता त्यात. कारबुरेटर तूच खोलला होतास. तू तिथंच उभा होतास, पाच हातांवर. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि मी फरशीकडं.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. दोन दिवस चौकीच्या बाकड्यावर तू बसलास. "थोडे दिवस घरी थांब" असं तुला मी सांगितलं, तेही स्वतः नाही, आशाबाईकडून निरोप. दुखणं हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला, आणि ते टोचणारा मी. शहागंजात कुणी तुला काम दिलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं रे. "ह्यांची कामं अशीच," असं एक जण माझ्यादेखत म्हणाला आणि मी चहा पीत राहिलो. माझं नाव निघालं असतं तर चार जणांनी आधी विचारलं असतं, खरंच का? तुझ्या वेळी कुणी विचारलं नाही. तसं कुणी विचारणार नाही, हे मला त्या व्हरांड्यातच ठाऊक होतं. म्हणून तर तुझं नाव एवढं सोपं निघालं माझ्या तोंडातून. रोज सकाळी गॅरेज उघडताना "जय भीम" म्हणणारा मी, आणि मनात हा हिशेब होता. ह्याची लाज मला छर्र्याहून जास्त वाटते.

पाटीवर तुझं नाव राहून गेलं असं मी लिहिलं होतं. राहून गेलं नव्हतं. पेंटरनं विचारलं होतं, दोन्ही नावं लिहू का? मी म्हणालो, एकच लिही.

तू का बोलला नाहीस, हे मी स्वतःला विचारत असतो. आता वाटतं, तू वाट बघत होतास, मी बोलतो का ते. गाडीतला बिघाड ऐकायला थांबायचास तसा थांबला असशील. आणि मग कधी तरी कान काढून घेतलास.

मंगळवारी मी ती बारीक नळी काढली. रबर दगड झालं होतं. ब्लेडनं उभी चिरली. छर्रा आत होता, गंजून तांबडा झालेला, मी घातला तिथंच. गटागट खोलला. पडदा फाटलेला, तू म्हणाला होतास तसाच, एका कडेनं.

संध्याकाळी साहेब आले. मी स्टूल पुढं केलं, छर्रा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं. संपल्यावर त्यांनी छर्रा उजेडाकडं धरला. मग म्हणाले, "मोतीराम, चाळीस वर्षं मी उलटतपासण्या घेतल्या. त्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही." आणि छर्रा मला परत देताना, "अंबिका म्हणायची. त्या मुलाला एकदा बोलवा, त्याचं ऐका तरी. मी म्हणायचो, त्यात ऐकायचंय काय?"

मग वकील जागा झाला त्यांच्यातला. "हे तोंडी नको. लिहून द्या." मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला. ते तुला लिहितील. त्यांना काय उत्तर द्यायचं, द्यायचं की नाही, ते तू बघ.

बुधवारी शहागंजात गेलो. ज्यांच्यासमोर तुझं नाव घालवलं त्यांना गाठून सांगावं म्हणून. सात दुकानं होती मनात. तिघं वारले. एकाचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरचं झालं आहे आणि पोराला बापाचं काही माहीत नाही. एक म्हणाला, "कौन संघपाल?" त्याला आठवतही नाही रे, ज्याच्या एका नकारापायी तू गाव सोडलंस. उरलेल्या दोघांना सांगितलं. एकानं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकाकडं वळला. दुसरा म्हणाला, "आता सांगून काय फायदा, मोतीरामभाऊ?" मी म्हणालो, फायद्याचं मागं बघितलं होतं एकदा.

पडदा आता कुठंच मिळत नाही. मी जाड रबराचा कापून बसवला, चार वेळा कापावा लागला. नवी नळी टाकली. रेस जागेवर आली. हे कच्चंच काम आहे, रबर पेट्रोलच्या वाफेत वर्षभर टिकलं तर टिकलं. म्हणून गटागटच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या.

काल शनिवार. साहेबांना घेऊन भद्रा मारुतीला गेलो. मी चालवत होतो, ते अंबिकाबाईंच्या जागी. येताना घाटात त्या वळणाच्या अलीकडं त्यांनी डॅशबोर्डला हात धरला आणि म्हणाले, "इथं. उचला पाय."

मी पाय उचलला.

काही झालं नाही. गाडी उतारानं नुसती खाली आली, वाऱ्याचा आवाज येत होता. साहेबांनी डोळे मिटले होते आणि ते रडत होते. कठडा मागं गेला. तिथं सिमेंट नव्या रंगाचं आहे अजून.

गल्लीत उतरताना म्हणाले, "काम चांगलं केलंत. उद्यापासून गाडी दुसरीकडं जाईल. तुमच्याकडं यायला मला जमणार नाही." बरोबर आहे त्यांचं. मी किल्ली दिली आणि चिंधी दाखवली. ती कशाची, हे पुढच्या मेकॅनिकला सांगा म्हणालो.

पाटीवर तुझं नाव परत लिहावं असं काल डोक्यात आलं. पेंटरला फोनही लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तुला न विचारता तुझं नाव एकदा वापरलं आहे. पुन्हा नाही. मोनिकाला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तू सांग, नाही तर राहू दे. ती पुन्हा ब्रेक दाखवायला आली आणि काका म्हणाली तर तिच्याकडं कसं बघायचं, ते मला माहीत नाही.

माफी मागायला हे पत्र लिहिलं असं वाटेल तुला. मागायची होती. पण लिहायला घेतली की शब्द साहेबांसमोरच्या त्या वाक्यासारखा निघतो, खरा आणि खोटा एकदमच. मी चुकलो, संघपाल. तुझं आयुष्य मी एका वाक्यात मोडलं आणि त्या गॅरेजात वीस वर्षं जेवलो. बस.

पाकिटात लाल चिंधीत बांधलेलं काही तरी हाताला लागेल. छर्रा आहे. गंज पुसलेला नाही. टाकून दिलास तरी चालेल, पण एकदा हातात धर. उस्ताद म्हणायचे, चिंधी आपल्यासाठी नसते, ती पुढच्या हातासाठी असते. तुझ्या हाताला चटका बसून वीस वर्षं झाली आणि मी ही गाठ आज मारतो आहे.

पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहायची रीत आहे. पहिल्या पत्रात मी ते पुरं लिहिलं होतं, दुसऱ्यात अर्धं. लोभाचं मागायला आता माझ्याकडं तोंड नाही. जे वीस वर्षांपूर्वी त्या व्हरांड्यात, साहेबांसमोर, तुझ्यासमोर मोठ्यानं सांगायला पाहिजे होतं, तेवढं फक्त

कळावे.

छर्रा मी घातला होता.

मोतीराम